जाळी घेताय? आधी पट्टी बघा

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात कामासाठी उतरणाऱ्या मंडळींकडे परतीच्या आदल्या दिवशी दोन-तीन तास मोकळे असतात. पाय जवळच्या जनपथाकडे वळतात. तिथे दगडाची, लाकडाची, संगमरवराची आरपार कोरलेली जाळी दिसते आणि मग एकामागून एक प्रश्न सुरू होतात. ही हातानं कोरली आहे की मशीननं कापली? गच्चीत टिकेल का? देवघराला लाकडाची घ्यावी की संगमरवराची? पुण्यापर्यंत शाबूत पोहोचेल का? दुकानदार म्हणतो ‘शंभर वर्षं जुनी आहे’, तर घ्यावी का?

हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून हा लेख. एक सवय लावून घेतलीत तर यातल्या बहुतेकांची उत्तरं तुमची तुम्हालाच मिळतील. जाळी बघताना आपली नजर छिद्रांवर जाते. ती छिद्रांमधल्या पट्टीवर न्या. जाळी किती टिकेल, कोणी आणि कशी बनवली, मागितलेली किंमत रास्त आहे का, हे सगळं त्या पट्टीवर लिहिलेलं असतं.

आधी चांगल्या जाळ्या बघून या

खरेदीपूर्वी एक सकाळ राखून ठेवा. दिल्लीत अस्सल काम बघायला पैसे फारसे लागत नाहीत आणि डोळा एकदा तयार झाला की दुकानात फसायला होत नाही.

- कुतुबमिनार परिसर: १३११ सालचा अलाई दरवाजा. खिडक्यांमधल्या दगडी जाळ्या साध्या भूमितीच्या आहेत. शेजारची इमाम झामिनची कबर १६व्या शतकातली, तिच्या जाळ्या जास्त नाजूक. दोन्ही पाठोपाठ बघा, फरक आपोआप कळतो.
- हुमायूनचा मकबरा: दुपारी जमिनीवर पडणारी जाळीची सावली बघा. घरी तुम्हाला कशी सावली हवी आहे, हे तिथे उभं राहून ठरवता येतं.
- लाल किल्ला, खास महाल: संगमरवरी जाळीच्या वर न्यायाचा तराजू कोरलेला आहे. एवढ्या पातळ कामातही पट्टी कुठे जाड ठेवली आहे ते शोधा. किल्ला सोमवारी बंद असतो.

महाराष्ट्रात राहात असाल तर छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा गाठा. दिलरस बानूच्या कबरीभोवतीचा अष्टकोनी संगमरवरी कठडा बराच वेळ थांबून बघावा असा आहे. आपला काळा पाषाण कठीण आणि हट्टी. त्यात अशी बारीक जाळी काढणं फार कष्टाचं, म्हणून बारीक कामासाठी संगमरवर आणि वालुकाश्म लागतो. घरासाठी जाळी घेतानाही त्यामुळे दगड बहुतेक वेळा राजस्थानातूनच येतो.

नव्या काळातलं काम बघायचं असेल तर लोधी इस्टेटमधल्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरची इमारत बघा. जोसेफ स्टाइन यांनी १९६२ साली ती पूर्ण केली. साध्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठोकळ्यांची जाळी ऊन कसं अडवते ते तिथे दिसतं. महागड्या कोरीव कामाची प्रत्येक घराला गरज नसते, हे तिथे पटतं.

जाळी कशासाठी हवी, ते आधी ठरवा

नक्षी शेवटी निवडायची. आधी तीन गोष्टींची उत्तरं कागदावर लिहा.

ऊन कुठून येतं? जाळी गारवा देते असं सर्रास म्हटलं जातं. जाळी हवा गार करत नाही. ती थेट ऊन आणि डोळ्यांवर येणारी चमक अडवते, त्यामुळे आतली भिंत आणि फरशी तापत नाही. आता हिशेब बघा. छिद्र २ इंचांचं आणि जाळीची जाडीही २ इंच असेल, तर ४५ अंशांहून जास्त उंचीवरून येणारं ऊन थेट आत शिरत नाही. दक्षिणेच्या खिडकीला अशी जाड जाळी छान काम करते, कारण दुपारी ऊन वरून येतं. पश्चिमेला मात्र संध्याकाळचं ऊन समोरून, कमी उंचीवरून येतं. तिथे जाडीचा उपयोग थोडाच, फक्त पट्ट्यांनी झाकलेला भाग ऊन अडवतो. पश्चिमेच्या खिडकीला छिद्रं लहान ठेवा, किंवा जाळीबरोबर चिकाचा पडदा लावायचा हे आधीच गृहीत धरा. अर्ध्या इंच जाडीच्या बोर्डाला मोठी छिद्रं पाडून ‘ऊन अडेल’ असं कोणी सांगितलं, तर ते मानू नका.

आडोसा कधी हवा? दिवसा आत अंधार आणि बाहेर उजेड असतो, म्हणून आतून बाहेरचं दिसतं आणि बाहेरून आतलं दिसत नाही. रात्री दिवा लावला की उलटं होतं. शयनघराच्या खिडकीला जाळी बसवून पडदा काढून टाकलेली घरं मी पाहिली आहेत. नंतर त्यांना घाईघाईनं पडदे लावावे लागले.

वारा किती हवा? जाळीनं एकूण वारा कमीच होतो, कारण पट्ट्यांची जागा बंद असते. मागे डासांची जाळी लावली की आणखी कमी होतो. डासांची जाळी हवीच असेल तर ती सुट्या चौकटीत, आतल्या बाजूनं, काढून धुता येईल अशी करून घ्या. कोरीव जाळीला कायमची चिकटवलेली डासांची जाळी दोन वर्षांत धुळीनं गच्च भरते आणि मग दोन्ही वाया जातात.

घरात लहान मूल असेल तर आणखी दोन गोष्टी. छिद्रातून मुलाचं डोकं जाणार नाही एवढंच अंतर ठेवा, १० सेंटीमीटरच्या आतच. आणि कठड्याच्या जाळीत आडव्या पट्ट्यांची पायरी होऊ देऊ नका. मुलं त्यावर पाय ठेवून चढतात. षटकोनी आणि तारेची नक्षी देखणी असते, पण तिच्या खालच्या बाजू बरोबर पाय ठेवायला मिळतील अशा असतात. गॅलरीच्या कठड्यासाठी उभ्या पट्ट्यांची नक्षी घ्या, तारे आतल्या दुभाजकासाठी ठेवा. सौंदर्याचा मला कितीही सोस असला तरी इथे तडजोड नको.

कुठे कोणतं साहित्य

- वालुकाश्म: बाहेर, गच्चीत, अंगणात. वजन आधी मोजा. ३ बाय ६ फुटांची, २ इंच जाडीची, अर्धी उघडी जाळी साधारण १०० किलो भरते. जुन्या इमारतीच्या गॅलरीत ती ठेवण्याआधी संरचना अभियंत्याला विचारा.
- संगमरवर: आत, देवघराजवळ, दुभाजकाला. लिंबू, चिंच, व्हिनेगर, आम्लाचे टॉयलेट क्लीनर यांनी त्यावर कायमचे डाग पडतात. पूजेच्या पंचामृतातल्या दह्याचाही विचार करा, देव्हाऱ्याच्या तळाला संगमरवरी जाळी नको.
- शिसम, अक्रोड, सागवान: आत. कोकणात किंवा मुंबईत नेणार असाल तर खालचा लाकडाचा भाग जरूर वाचा.
- टेराकोटा आणि सिमेंटचे ठोकळे: जिना, संडास-बाथरूमचे झरोके, कंपाउंड. स्वस्त, टिकाऊ, आणि एक फुटला तर एकच बदलता येतो. या साहित्याला कमी लेखू नका.
- लोखंडी पत्रा, लेसरनं कापलेला: किनाऱ्यापासून दूर ठीक. समुद्राच्या जवळ कडा आधी गंजतात, कारण पावडर कोटिंग धारदार कडेवर पातळ बसतं. तिथे ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील मागा.
- एमडीएफ: फक्त कोरड्या खोलीत. बाथरूमच्या भिंतीला लागून, ओलीच्या भिंतीवर किंवा बाहेर कधीही नको. कापलेल्या कडेतून पाणी शिरतं, बोर्ड फुगतो आणि पूर्ववत होत नाही.

हाताचं की मशीनचं: ओळखायचं कसं

मशीनचं काम वाईट असतं असं नाही. पण मशीनच्या कामाला हाताच्या कामाची किंमत देणं चुकीचं आहे, आणि हातानं काम करणाऱ्या कारागिरावर तो अन्यायही आहे. दुकानात उभ्या उभ्या करता येतील अशा या तपासण्या:

1. आतला कोपरा बघा. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनचं गोल फिरणारं टोक आतला कोपरा टोकदार करूच शकत नाही. टोकाच्या जाडीएवढी गोलाई मागे राहते. चौकोनी किंवा तारेच्या छिद्राचे सगळे आतले कोपरे एकसारखे गोल दिसले, तर काम मशीनचं. छिन्नीनं केलेला कोपरा टोकापर्यंत जातो. कधी मशीननं कापून कोपरे हातानं टोकदार करतात. तसं असेल तर विक्रेत्यानं ते सांगायला हवं.
2. छिद्राच्या आत बोट फिरवा. पाण्याच्या झोतानं कापलेल्या दगडाची आतली भिंत सरळ आणि किंचित रेतीसारखी खरखरीत लागते. हाताच्या कामात पट्टीला उतार, खोबण, दोन-तीन थर असतात.
3. गुंफण तपासा. एकमेकांत विणल्यासारख्या पट्ट्यांची नक्षी असेल तर एक पट्टी बोटानं धरा आणि पुढे जा. ती एकदा दुसरीच्या वरून, मग खालून, पुन्हा वरून जायला हवी. दोनदा सलग वरून गेली तर आखणी चुकली आहे. आणि वर-खाली असा काहीच फरक नसेल, सगळं एका पातळीत सपाट असेल, तर ती गुंफण नुसती चित्रातली आहे. किंमतही तशीच हवी.
4. मागची बाजू बघा. साच्यात ओतलेल्या सिमेंट-फायबरच्या जाळीची मागची बाजू खडबडीत असते, हवेचे बुडबुडे दिसतात. अशी जाळी ‘दगड’ म्हणून विकली जाते.
5. दोन सारखी छिद्रं शेजारी ठेवून बघा. हाताच्या कामात बारीक फरक असणारच. दहा ठिकाणी एकाच जागी तोच खळगा दिसला तर तो साच्याचा खळगा आहे.

आग्र्याहून येणाऱ्या छोट्या वस्तूंबद्दल वेगळं सांगायला हवं. हत्तीच्या जाळीदार पोटात आणखी एक हत्ती, जाळीचे डबे, दिवे अशा वस्तू ‘संगमरवर’ म्हणून दाखवतात. त्यातल्या बहुतेक वस्तू संगजिऱ्याच्या असतात. संगजिरं इतकं मऊ की तळाला, न दिसणाऱ्या जागी, नख ओढलं तरी ओरखडा उठतो. संगमरवराला नखानं काही होत नाही. संगजिऱ्यातलं काम कौशल्याचंच आहे, आतला हत्ती बाहेरच्या जाळीतून हत्यार घालून कोरावा लागतो. ते संगजिरं म्हणूनच, त्याच्या किमतीला आनंदानं घ्या.

लाकूड घेताना

लाकडात पट्टीच्या दिशेला फार महत्त्व आहे. लाकडाचे धागे ज्या दिशेनं जातात त्याच दिशेनं पट्टी गेली तर ती मजबूत. धाग्यांना आडवी जाणारी बारीक पट्टी बोटाच्या दाबानं तुटते. म्हणून एका फळीतून कोरलेल्या वेलबुट्टीत, जिथे वेल वळून धाग्यांना आडवी होते, तिथे पट्टी मुद्दाम रुंद ठेवलेली आहे का ते बघा. चांगला सुतार तेवढं भान ठेवतोच.

काश्मीरच्या पिंजराकारीत हा प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवला आहे. तिथे फळी कोरत नाहीत. बारीक पट्ट्या एकमेकींत खाचा पाडून बसवतात, त्यामुळे प्रत्येक पट्टी आपल्या धाग्यांच्या दिशेनंच जाते आणि एखादी तुटली तर तेवढीच बदलता येते. खिडकीला, दाराला लाकडी जाळी हवी असेल तर माझी पसंती या पद्धतीला आहे.

दिल्लीच्या कोरड्या हवेत घेतलेलं लाकूड रत्नागिरीत किंवा दादरला पोहोचलं की ओल शोषून फुगतं. म्हणून:

- घरी आणल्यावर पंधरा दिवस खोलीत नुसतं उभं करून ठेवा, मग बसवा.
- चौकटीत बाजूंनी थोडी जागा मोकळी सोडा.
- आणि विकत घेण्याआधी मागच्या बाजूला बारीक भुगा पडतोय का ते बघा. पडत असेल तर कीड जिवंत आहे. तो तुकडा घेऊ नका.

सहारनपूरचं लाकूडकाम आणि काश्मीरचं अक्रोडावरचं कोरीव काम या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. ते नाव सांगून विकत असतील तर बिलावर ते नाव लिहून मागा. लिहायला का-कू झाली तर काय समजायचं ते समजा.

खरेदी कुठे, आणि काय लिहून घ्यायचं

जनपथावरचं सेंट्रल कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम आणि बाबा खडकसिंग मार्गावरची राज्यांची एम्पोरियमं सरकारी आहेत. दर ठरलेले असतात. बाजारभावाची कल्पना यायला आधी तिथे जा. रिक्षावाला किंवा टॅक्सीवाला आपणहून ‘सरकारी एम्पोरियम’ला नेतो म्हणाला, तर नम्रपणे नकार द्या. तशी पाटी कोणीही लावतो आणि त्याचं कमिशन तुमच्या बिलातून जातं.

मोजमापाची जाळी करून घेणार असाल तर दर सहसा चौरस फुटावर सांगतात. तेवढ्यानं काहीच कळत नाही. पुढच्या गोष्टी कोटेशनवर लिहून घ्या:

- साहित्याचं नेमकं नाव, जाडी, सर्वांत बारीक पट्टीची रुंदी
- कडेची सलग चौकट चौरस फुटात धरली आहे का
- हातकाम, मशीन की दोन्ही
- एकसंध तुकडा की जोड. जोड असेल तर तो नक्षीच्या कुठल्या रेषेत येणार
- पॅकिंग, वाहतूक, उतरवणं, बसवणं कोणाकडे
- वाटेत तुटली तर नवी कोण, किती दिवसांत देणार

काम सुरू होण्याआधी खऱ्या मापाचा कागदी खाका मागा आणि तो भिंतीवर चिकटवून बघा. नक्षीची आवर्तनं पूर्ण बसायला हवीत. एका कडेला पूर्ण तारा आणि दुसऱ्या कडेला पाऊण, असं झालं तर ते रोज डोळ्यांत खुपतं. घाईत असलेले कारागीर ठरलेली नक्षी तुमच्या मापाला नुसती कापून देतात. आखणी नव्यानं करून मागणं हा तुमचा हक्क आहे. सगळे पैसे आगाऊ देऊ नका, शेवटचा हप्ता जाळी जागेवर बसल्यानंतरचा ठेवा.

जुनी जाळी, वाड्याची जाळी

पुण्या-नाशिकचे वाडे पडतात तेव्हा त्यांच्या कोरीव खिडक्या, तक्तपोशी, कठडे बाजारात येतात, आणि दिल्लीतही पोहोचतात. ते पाहून मला दर वेळी वाईट वाटतं. जळणात जाण्यापेक्षा कोणाच्या घरी जपलं जाणं चांगलं, हेही खरं. पण घेण्याआधी कायदा माहीत हवा.

१९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी शिल्पवस्तू, आणि ऐतिहासिक वास्तूतून काढलेला असा भाग, पुरावस्तू ठरू शकतो. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खासगी व्यक्तीला तो देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलासाठी ‘शंभर वर्षांची’ जाळी घेणार असाल, तर विक्रेत्याचा दावा खरा असला तरी अडचण आणि खोटा असला तरी. वस्तू जुनी दिसत असेल पण खरोखर नवी असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घ्या, नाहीतर विमानतळावर अडवतील.

परदेशी नेताना आणखी दोन गोष्टी. शिसम हे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय सायटिस करारात येतं. २०२२च्या निर्णयानंतर प्रत्येकी १० किलोपेक्षा कमी शिसम असलेल्या वस्तूंना त्याचा परवाना लागत नाही, मोठ्या जाळीसाठी मात्र विक्रेत्याकडून कागदपत्रं मागा. आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला लाकडाची कोणतीही वस्तू नेत असाल तर ती उतरल्यावर जाहीर करावीच लागते.

सोसायटी, परवानगी, तक्रार

सदनिकेच्या बाहेरच्या बाजूला जाळी बसवायची तर सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. इमारतीचा दर्शनी भाग तुमच्या एकट्याचा नसतो. वारसा यादीतल्या इमारतीला महापालिकेची परवानगीही लागते.

वस्तू सदोष निघाली तर घाबरून जाऊ नका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्हाला बरंच दिलं आहे:

- दिल्लीत घेतलेल्या वस्तूची तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. पुन्हा दिल्लीला यावं लागत नाही.
- ५० लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. वकीलही सक्तीचा नाही.
- मुदत दोन वर्षांची.
- ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलं म्हणून सदोष वस्तू परत घेणं नाकारता येत नाही. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत परत घेणं बंधनकारक आहे. बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथा ठरते.
- सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑनलाइन तक्रार ई-जागृती पोर्टलवर.

या सगळ्याला आधार एकच, तो म्हणजे कागद. ‘संगमरवर’, ‘हातकाम’ हे शब्द बिलावर नसतील तर आयोगापुढे सिद्ध करायला काही उरत नाही. खोका उघडताना व्हिडिओ काढा, अगदी पहिल्या दोरीपासून.

बसवताना आणि नंतर

दगडी जाळी चारही बाजूंनी सिमेंटमध्ये घट्ट रोवू नका. उन्हात दगड प्रसरण पावतो, त्याला जागा लागते. आधारासाठी लोखंडी खिळे किंवा पिना कधीच नकोत. लोखंड गंजतं, गंजून फुगतं आणि दगडाला आतून चीर पाडतं. जुन्या इमारतींमधल्या कितीतरी जाळ्या अशाच फुटल्या. स्टेनलेस स्टीलच्या पिना वापरायला सांगा आणि त्या बसवताना तुम्ही स्वतः तिथे हजर राहा.

साफसफाईला रंगाचा मऊ ब्रश, साधं पाणी, सौम्य साबण. आठवड्यातून एकदा कोरडा ब्रश फिरवला तर वर्षभर पाण्याची गरज पडत नाही. बाहेरच्या वालुकाश्मावर लेप द्यायचाच असेल तर दगडाला श्वास घेऊ देणारा सिलेन-सिलोक्झेनचा द्या. चकचकीत वार्निशनं आत अडकलेलं पाणी दगडाचे पापुद्रे काढतं.

आणि एखादी पट्टी तुटलीच, तर तो तुकडा फेकू नका. कागदात गुंडाळा, कुठून निघाला ते पेन्सिलनं कागदावर लिहा, जाळीचा फोटो त्याबरोबर ठेवा. तुटलेल्या जागी घरचा गोंद किंवा सिमेंट लावू नका, नंतर तो काढताना आणखी पट्ट्या जातात. मूळ तुकडा आणि स्वच्छ तुटलेली कड हातात असेल तर चांगला पाथरवट तो असा जोडून देतो की सांधा शोधावा लागतो.